दिवसाला एकच हरकत

वाघोलीच्या एका मंगल कार्यालयात मी व्यवस्थापक होतो, त्या काळात माझ्या शर्टाच्या खिशात कायम एक निळं कार्ड असायचं. उरलेली लग्नपत्रिका कापून तिच्या कोऱ्या बाजूला स्केचपेनने रंग दिलेला. उलट्या बाजूला कुठल्याशा चि. सौ. कां.चं अर्धं नाव अजून दिसे. ते कार्ड मला होजाबाईंनी दिलं होतं आणि सोबत नियमही सांगितला होता. दिवसाला एकच हरकत. कोणाचा निर्णय पटला नाही की कार्ड वर करायचं, आणि तिथे हजर असलेल्या तिसऱ्या माणसाने निवाडा द्यायचा. हरकत बरोबर निघाली तर कार्ड आपल्याकडेच राहतं. चुकीची निघाली तर कार्ड जमा, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तोंड बंद.

मी मंडईच्या मागे जन्मलेला आणि वाढलेला माणूस. मी त्यांना सांगितलं, ‘बाई, दिवसाला एक म्हणजे उपासमार आहे. आमच्या तीन हरकती दूध घेतानाच होतात.’

‘म्हणूनच आपल्याला कार्ड देते आहे,’ त्या शांतपणे म्हणाल्या.

होजाबाई तुर्कस्तानच्या. तायक्वांदो खेळणाऱ्या, त्यांच्या देशाच्या संघातून खेळलेल्या, युरोपातलं एक ब्राँझ पदक जिंकलेल्या. ते पदक त्यांच्या घरी चहाच्या बरणीच्या गळ्यात अडकवलेलं असे. कारण विचारलं तर म्हणत, ‘म्हणजे रोज हात लागतो.’ पुण्याचा एक संगणक अभियंता नोकरीसाठी इस्तंबूलला गेला आणि येताना यांना घेऊन आला. अभियंत्याच्या आई म्हणजे निवृत्त संस्कृत शिक्षिका. त्यांनी सुनेला दोन वर्षांत मराठी शिकवलं, आणि कसं शिकवलं ते विचारू नका. वाघोलीच्या पोरी म्हणायच्या, ‘मॅम, खूप लेग पेन होतंय.’ आणि ही तुर्की बाई विचारायची, ‘उजवा पाय दुखतो आहे की डावा?’

तिकडे शिक्षकाला होजा म्हणतात म्हणे. वाघोलीने त्याला बाई जोडलं, आणि विषय संपला.

पहिल्यांदा त्या कार्यालयात आल्या तेव्हा मी हिशेबाच्या वहीत मान घालून बसलो होतो. ‘आपल्याला दोन मिनिटं त्रास देऊ का?’ असं कानावर आलं. मी वर पाहिलं तर समोर सडपातळ, भुवईवर जुन्या जखमेची रेघ असलेली गोरी बाई. मी मागे वळून पाहिलं, बोललं कोण म्हणून.

त्यांना लग्न नसेल त्या दिवशी हॉल हवा होता.

‘क्लास कसला?’

‘तायक्वांदोचा.’

‘म्हणजे कराटे.’

‘नाही. कराटेत हात जास्त. आमच्याकडे पाय जास्त.’

‘म्हणजे लाथा.’

‘हो, पण नियमांनुसार.’

मी म्हणालो, ‘आमच्याकडे भांडणं होतात ती मानपानावरून. पण लाथांपर्यंत अजून कोणी गेलेलं नाही. तुमच्यामुळे प्रथा पडायची.’

तेवढ्यात अण्णा आले. अण्णा म्हणजे कार्यालयाचे मालक. गाव महापालिकेत जायच्या आधी तिथे त्यांचा ऊस होता, नंतर त्याच जागेवर लग्नं लागायला लागली. त्यांनी बाईंकडे नीट पाहिलं आणि विचारलं, ‘पोरींना बी शिकवनार हाय का?’

‘मुलींना आधी,’ बाई म्हणाल्या.

‘मंग द्या की, मॅनेजर. हॉल काय, मोकळाच पडलेला हाय.’ त्यांची नात ऋतुजा तेव्हा बारा वर्षांची होती आणि घरात दोन्ही भावांना बदडून काढत होती. अण्णांना ती ताकद कुठेतरी वळवायची होती.

त्या दिवसापासून माझं पंचांग होजाबाईंच्या हाती गेलं. दर सोमवारी त्या यायच्या, चष्मा लावायच्या आणि विवाहमुहूर्तांचं पान वहीत उतरवून घ्यायच्या. क्लासचं वेळापत्रक दारावर लागायचं ते असं: ‘विवाहमुहूर्त नसलेल्या सर्व दिवशी सायंकाळी पाच वाजता.’ नव्या मुलीचे आईवडील ते वाचून बुचकळ्यात पडत. आषाढात देव झोपले आणि लग्नं थांबली की होजाबाईंचा चेहरा फुलायचा. सगळं पुणे चातुर्मासात कांदा सोडतं, आमच्याकडे शिबिर लागायचं. एका वर्षी अधिक महिना आला. महिनाभर एकही लग्न नाही. त्या इतक्या खूश झाल्या की मला विचारू लागल्या, ‘हा महिना दरवर्षी का नसतो?’ मी म्हटलं, ज्यांनी पंचांग केलं त्यांना तायक्वांदो ठाऊक नव्हतं. त्यांनी गंभीरपणे मान हलवली. त्यांना ते पटलं असावं.

साहित्य म्हणाल तर सगळं लग्नातलं उरलेलं. दाराची झेंडूची तोरणं उतरवली की त्या ती दोरीला बांधून हॉलमध्ये मुलींच्या डोक्याइतक्या उंचीवर टांगायच्या आणि पायाने एकेक फूल पाडायला सांगायच्या. माळ हलता कामा नये, फक्त फूल पडलं पाहिजे. सुरुवातीला सगळी माळच भिंतीवर जाऊन आपटायची. वर्षभराने ऋतुजा नेमकं तिसरं फूल उडवायची आणि चौथ्याला खबर नसायची. झाडू मारणाऱ्या मावशी मात्र वैतागायच्या. त्यांनाही होजाबाईंनी एक कार्ड दिलं होतं. त्या ते रोज सव्वापाचला वर करायच्या, रोज निवाडा त्यांच्या बाजूने लागायचा आणि मुली फुलं गोळा करायच्या.

त्यांचं कार्ड सगळ्या पुण्यात चालायचं, म्हणजे त्या चालवायच्या. एकदा मंडईत भाजीवाल्या मावशींनी कोथिंबीर सकाळची आहे असं सांगितलं आणि बाईंनी कार्ड वर केलं. तिसरा माणूस म्हणून शेजारी वांगी निवडणाऱ्या आजोबांना विचारलं. आजोबांनी जुडी हुंगली आणि म्हणाले, सकाळचीच आहे. होजाबाईंनी विनातक्रार कार्ड मावशींच्या हातात ठेवलं. दुसऱ्या दिवशी वाघोलीहून बसने मंडईत आल्या, कार्ड परत न्यायला. मावशींनी ते तराजूखाली जपून ठेवलं होतं. पुढे त्यांच्याकडून बाईंना कायम ताजी जुडी मिळायची.

घरी या नियमाचा बोऱ्या वाजला होता. सासू-सुनेत तिसरा माणूस एकच, आणि त्याला दोघींच्या हातचं जेवायचं होतं. तो प्रत्येक वेळी ‘दोघींचंही बरोबर आहे’ असा निवाडा देई. शेवटी दोघींनी एकमताने त्याला पंचपदावरून निलंबित केलं. त्या घरातलं ते पहिलं एकमत, असं सासूबाई मला सांगायच्या.

पण एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. मंडईतल्या कोथिंबिरीसारखे किरकोळ मामले सोडले, तर महत्त्वाच्या गोष्टीवर होजाबाई स्वतःचं कार्ड कधीच वर करत नसत. मुलींच्या स्पर्धांना त्या खुर्चीवरही बसत नसत. तायक्वांदोत खेळाडूचा प्रशिक्षक कोपऱ्यात खुर्चीवर बसतो आणि त्याच्या हातात खरंखुरं कार्ड असतं. पंचांचा निर्णय चुकला असं वाटलं तर तो ते वर करतो, मग चित्रफीत पाहतात. हरकत फेटाळली तर कार्ड गेलं, त्या लढतीपुरतं. होजाबाई त्या खुर्चीवर आपल्या एका मोठ्या विद्यार्थिनीला बसवायच्या आणि स्वतः भिंतीला टेकून उभ्या राहायच्या.

जेवणाबद्दलही सांगायला हवं. ही बाई दहा-बारा वर्षं एकोणपन्नास किलोच्या वजनगटात खेळलेली. स्पर्धेच्या आदल्या दिवशी पाणीसुद्धा घोट मोजून प्यायची. खेळ सुटल्यावर त्यांनी शपथ घेतली होती की यापुढे ताटात आलेल्या कशालाही नाही म्हणायचं नाही. लग्नाच्या पंगतीत त्यांना बोलावणं असायचंच. पहिल्यांदा मठ्ठा प्यायल्या आणि डोळे मिटून म्हणाल्या, ‘हे तर आमचं आयरान. कोथिंबीर घालून थोडं बिघडवलं आहे.’ मी तत्काळ कार्ड वर केलं. तिसरा माणूस म्हणजे आचारी. माझं कार्ड राहिलं.

आणि ते पाण्याचं प्रकरण. एका लग्नात नवरीची सजवलेली गाडी फाटकातून निघाली, आणि होजाबाईंनी तांब्याभर पाणी गाडीच्या मागे फेकलं. थेट, सपकन. चार शिंतोडे नवरीच्या वडिलांच्या धोतरावर गेले. वातावरण एकदम तापलं. ‘हा काय अपशकुन? कोण आहे ही?’ म्हणून वडील माझ्यावर धावून आले. मीही रागावलो होतो, पण बाईंना विचारलं तेव्हा त्या गोंधळून म्हणाल्या, ‘आमच्याकडे घरातलं माणूस लांब निघालं की मागे पाणी टाकतात. पाणी जसं सहज वाहतं तसं त्याने सहज जावं आणि सहज परत यावं. माझ्या प्रत्येक स्पर्धेला वडील बसच्या मागे पाणी टाकत.’

नवरीची आई इतका वेळ रडत उभी होती. तिने ते ऐकलं, बाईंच्या हातातला तांब्या घेतला, पिंपातून भरला आणि फाटकाबाहेर जाऊन रिकाम्या रस्त्यावर ओतला. नंतर दोन-तीन वर्षांत वाघोलीत ती प्रथाच पडली. आता तिथे लोक सांगतात की हे पूर्वापार आहे.

होजाबाईंच्या वडिलांची पावाची भट्टी होती, तुर्कस्तानच्या मधल्या पठारावरच्या एका गावात. तिथे हिवाळ्यात म्हणे श्वाससुद्धा मिशीवर गोठतो. भट्टीच्या वरच्या मजल्यावर तायक्वांदोचा क्लब होता, आणि गावातली तीच एक खोली खालच्या आचेने कायम उबदार असायची. सात वर्षांची ही मुलगी ऊब मिळते म्हणून वर जाऊन बसायची. क्लबच्या प्रशिक्षकांनी सांगितलं, इथे बसायचं असेल तर लाथ मारावी लागेल. तिने मारली. पुढची सोळा वर्षं ते प्रशिक्षक आणि ही. त्यांनी तिला बर्फातून खांद्यावर बसवून बसथांब्यापर्यंत नेलं होतं, तिच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी दवाखान्याच्या बाकावर झोपले होते.

हे सगळं त्यांनी मला एका चातुर्मासात सांगितलं. पाऊस पडत होता, क्लासला वेळ होता आणि आम्ही दोघं जुन्या पत्रिका कापून कार्डं करत बसलो होतो. मध्येच त्यांचा फोन वाजला. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि फोन पालथा घातला. तो वाजून वाजून थांबला.

‘तेच आहेत,’ त्या म्हणाल्या. ‘दर सणाला करतात. आज आमचा सण आहे.’

‘मग घ्या की.’

‘नऊ वर्षं नाही घेतला.’

मग त्यांनी ती लढत सांगितली. ऑलिंपिकला कोण जाणार हे त्या एका लढतीवर ठरणार होतं. दुसऱ्या फेरीत एका फुटकळ गुणावरून प्रशिक्षकांनी कार्ड वर केलं. हरकत फेटाळली गेली, कार्ड गेलं. शेवटच्या फेरीत नऊ सेकंद उरले असताना, दोन गुणांनी मागे असताना, होजाबाईंची लाथ समोरच्या मुलीच्या गालावर बसली. तीन गुणांची लाथ. पंचांना ती दिसली नाही.

‘मी त्यांच्याकडे पाहिलं,’ त्या म्हणाल्या. ‘त्यांच्या हातात काही नव्हतं. ते मला माहीत होतं. तरी पाहिलं. आणि ते खाली बघत होते. जमिनीकडे. लढत संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. त्यांच्या चुकीचं मला काही वाटत नाही, चूक कोणाचीही होते. पण मला बघायला माणूस हवं होतं.’

एवढं बोलून त्यांनी कात्री उचलली आणि पुढची पत्रिका सरळ रेषेत कापली. मी आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसलो आणि त्याचं कौतुक करायला कोणी नव्हतं.

ऋतुजा सोळा वर्षांची झाली त्या वर्षी राज्याच्या संघाची निवड होती. स्वारगेटजवळच्या एका हॉलमध्ये. अंतिम लढत जिंकेल ती जाणार, हरेल ती पुढच्या वर्षी. आणि पुढच्या वर्षी ऋतुजाची बारावी, म्हणजे तिच्या वडिलांनी खेळ बंद असं आधीच जाहीर केलेलं. मुलीला हे माहीत होतं, होजाबाईंना माहीत होतं. खुर्चीवर बसणारी मोठी विद्यार्थिनी नेमकी तापाने आडवी. सकाळी होजाबाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, ‘आज मला बसावं लागेल.’ त्यांचा चेहरा एकोणपन्नास किलोचा झाला होता.

अण्णांच्या जीपमधून आम्ही गेलो. अण्णा आणि मी प्रेक्षकांत, होजाबाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर, हातात कार्ड. आमच्यासारखं पत्रिकेचं नव्हे, जाड प्लास्टिकचं.

पहिली फेरी सुरू होऊन चाळीस सेकंद झाले असतील. ऋतुजाची लाथ समोरच्या मुलीच्या छातीरक्षकावर बसली असं वाटलं, गुण लागला नाही, आणि होजाबाई ताडकन उठल्या आणि कार्ड वर. मी पाहतच राहिलो. लोकांना इतकी वर्षं ‘थांबा, श्वास घ्या, मग ठरवा’ सांगणारी बाई. चित्रफीत पाहिली. लाथ कोपरावर लागली होती. हरकत फेटाळली, कार्ड गेलं. होजाबाई खाली बसल्या.

ती फेरी ऋतुजाने तरीही जिंकली. दुसऱ्या फेरीत शेवटाला ती एका गुणाने मागे होती, आणि तिने ती झेंडूची लाथ मारली. समोरच्या मुलीच्या हेल्मेटवर, कानापाशी, अगदी तिसऱ्या फुलाला लागावी तशी नेमकी आणि हलकी. आवाज असा झालाच नाही. आम्हाला दिसली, समोर बसलेल्या सगळ्यांना दिसली, पंचांना दिसली नाही.

मी उठून उभा राहिलो. माझ्या हातात माझं निळं कार्ड होतं आणि मी ते वर धरून हलवत होतो. हे मी ठरवून केलं असं म्हणता येणार नाही. टेबलावरचा अधिकारी म्हणाला, ‘काका, खाली बसा. लग्न पलीकडच्या हॉलमध्ये आहे.’ कार्डाची पत्रिकेची बाजू त्याच्याकडे होती.

अण्णा म्हणाले, ‘बसा मॅनेजर, आपलं कारड हितं चालत न्हाई.’

मी बसता बसता कोपऱ्याकडे पाहिलं. ऋतुजा होजाबाईंकडे बघत होती. आणि होजाबाई जमिनीकडे बघत होत्या. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. दोन सेकंद गेले असतील, फार तर तीन. मग त्यांनी मान वर केली, जड वस्तू उचलावी तशी.

फेरी गेली. एकास एक बरोबरी. मधल्या एका मिनिटासाठी ऋतुजा कोपऱ्यात आली. आम्ही पहिल्या रांगेत होतो, सगळं ऐकू येत होतं. होजाबाईंनी तिला पाणी दिलं नाही, डावपेच सांगितले नाहीत. सरळ तिच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, ‘लाथ बसली होती. कार्ड मी घालवलं. चूक माझी.’

ऋतुजाने दातांचं रबर बाहेर काढलं, घाम पुसला आणि म्हणाली, ‘असू द्या होजाबाई. अजून एक पाय हाय माझा.’

अण्णा माझ्या शेजारी मोठ्याने हसले. मीही हसलो आणि माझे डोळे भरून आले, हे मी इथे सांगून टाकतो. तिसऱ्या फेरीत पोरीने डावा पाय वापरला. दोनदा डोक्यावर, आणि या वेळी आवाज असा आला की बहिऱ्यालाही गुण द्यावा लागला असता. पलीकडच्या लग्नातली चार माणसं काय झालं बघायला धावत आली. ऋतुजा राज्याच्या संघात गेली. अण्णांनी हॉलमध्ये जो दिसेल त्याच्या हातावर पेढा ठेवला, हरलेल्या मुलीच्या हातावर दोन.

या गडबडीत होजाबाई दिसेनात. मी शोधत बाहेर आलो तर त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या, फोन हातात, नंबर काढलेला. मला म्हणाल्या, ‘मीही खाली बघितलं. मला वाटायचं, ते माझ्याकडे बघत नव्हते कारण मी हरले होते. तसं नसतं. बघवत नाही.’

‘तिकडे किती वाजले असतील?’ मी विचारलं.

‘सकाळचे दहा. ते भट्टीवर पाव घ्यायला आले असतील,’ त्या म्हणाल्या आणि त्यांनी बटण दाबलं.

मी उठून जायला हवं होतं, पण पुणेरी माणूस अशा वेळी जात नाही. तिकडे पहिल्या घंटेला फोन उचलला गेला. त्या तुर्कीत बोलायला लागल्या, आधी भराभर, मग अडखळत, मग रडत. मला एक शब्द कळला नाही. त्यांचं बोलून झालं. रस्त्यावरून बसगाड्या जात होत्या, त्या फोन कानाला घट्ट लावून बसल्या होत्या. मग पलीकडून एक म्हातारा खरखरीत आवाज आला. एक लहानसा प्रश्न. त्यांनी उत्तर दिलं. पुन्हा तो आवाज आला, आणि होजाबाई हसायला लागल्या. अशा हसल्या की फोन मांडीवर पडला आणि त्यांनी कठड्याला धरलं. पलीकडचा म्हातारा मांडीवरच्या फोनमध्ये हसत होता ते मलाही ऐकू येत होतं.

‘काय म्हणाले?’ मी विचारलं.

त्यांनी डोळे पुसले आणि सासूबाईंच्या स्वच्छ मराठीत मला सांगितलं, ‘त्यांनी विचारलं, कार्ड कितव्या फेरीत घालवलंस? मी म्हटलं, पहिल्या. तर म्हणतात, मी निदान दुसऱ्या फेरीपर्यंत तरी थांबलो होतो.’